पिवळी पिशवी

"गेल्या दोन वर्षांत कुठले पेशींचे उपचार घेतलेत का, सर? जनुकांचं इंजेक्शन, मज्जेतलं काही?"

रक्तपेढीतली मुलगी टॅबवरची नजर न काढता विचारत होती. श्रेणिक मगदूम खुर्चीत मागे रेलून बसला होता. एका दंडाला पट्टा बांधून झाला होता, दुसऱ्या हातावर थंडगार स्पिरीट फिरत होतं. पायाशी दाजी, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, उभे होते. उशाशी श्रेणिकची बायको त्रिशला.

"नाही," श्रेणिक म्हणाला.

"त्यांना काय विचारताय?" दाजी म्हणाले. गेल्या आठवड्याभरात पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जरा उभारी होती. "सांगलीतली निम्मी रक्तदान शिबिरं यांनीच भरवलीत. कॉलेजची सगळी व्हॉलीबॉलची पोरं ओळीनं आणून झोपवतात."

मुलगी हसली आणि तिनं सुई टोचली.

यंत्र सुरू झालं. एका हातातून रक्त निघून नळीवाटे यंत्रात जात होतं, तिथं गरगर फिरून त्याचे थर वेगळे होत होते, प्लेटलेटचा थर तेवढा काढून घेतला जात होता आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत येत होतं. वर टांगलेल्या पिशवीत थोडं थोडं पिवळं पाणी साठत चाललं. यंत्राची ती बारीक घरघर श्रेणिकच्या ओळखीची होती. पुण्यात, दीड वर्षापूर्वी, असल्याच एका यंत्राशेजारी तो एकटा झोपला होता. घरी सांगितलं होतं की बालेवाडीला प्रशिक्षकांचं शिबिर आहे.

त्याच्या वर्षभर आधी अंकलीच्या पुलाअलीकडे त्याची मोटारसायकल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आदळली होती. ओटीपोटाखालचं हाड तीन ठिकाणी मोडलं. मिरजेत प्लेट घातली, हाड जुळलं, पाच-सहा महिन्यांत तो शिट्टी घेऊन मैदानावर उभा राहिला. लोक म्हणाले, मगदूम सर पहिल्यासारखे झाले. पण मोडलेल्या हाडानं आतल्या बारीक रक्तवाहिन्या चिरडल्या होत्या. ताठरता येण्यासाठी जिथं रक्त धावून जावं लागतं तिथं ते पोचतच नव्हतं. गोळ्या घेऊन झाल्या. कोल्हापूरच्या एका दवाखान्यात तोंडाला मास्क लावून तीनदा जाऊन झालं. काही फरक पडला नाही.

त्रिशलाला तो यातलं काहीच बोलला नाही. तिनंही विचारलं नाही. आधी तो मॅच बघण्याच्या निमित्तानं बाहेर बसायला लागला, मग कंबर धरते म्हणून हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागला. त्रिशला रोज त्याची चादर झटकून घडी घालून ठेवायची. तिच्या घडी घालण्यातही काही तक्रार आहे का, हे तो चोरून बघायचा.

पुण्याचं त्याला एका जुन्या खेळाडूकडून कळलं. प्लेटलेटचा उपाय तसा जुनाच होता. प्लेटलेट म्हणजे रक्तातल्या चिमुकल्या चकत्या. कुठं जखम झाली की त्या धावत जातात, भोक बुजवतात आणि आपल्या पोटातली वाढीची द्रव्यं तिथं ओततात. त्या द्रव्यांनी आसपासच्या पेशी जाग्या होतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. म्हणून डॉक्टर माणसाचं स्वतःचं रक्त काढून, यंत्रात फिरवून, प्लेटलेटनं दाट झालेला प्लाझ्मा दुखऱ्या जागी टोचत. गुडघ्यात टोचत, टकलावर टोचत आणि पुरुषांच्या या तक्रारीवरही टोचत. कुणी म्हणे गुण आला, कुणी म्हणे नुसतं टोचून घेतलं. नीट घेतलेल्या चाचण्यांतूनही एकमुखी उत्तर कधी निघालं नाही. अडचण अशी होती की प्लेटलेट आठवडा-दहा दिवस जगतात आणि मरतात. एवढ्या अवधीत चिरडलेली रक्तवाहिनी पुन्हा उभी राहत नाही.

पुण्यातल्या प्रयोगशाळेनं प्लेटलेटचा नाद सोडून तिच्या आईला हात घातला. हाडांच्या मज्जेत एक अवाढव्य पेशी असते, तिचे तुकडे पडून हजारो प्लेटलेट तयार होतात. अशा मोजक्या आईपेशी बाहेर काढून त्यांच्या जनुकांत दोन सूचना घालायच्या. एक, तुझ्या प्रत्येक प्लेटलेटच्या पोटात रक्तवाहिन्या वाढवणारं द्रव्य नेहमीपेक्षा कितीतरी जास्त भर. दुसरी, त्या प्लेटलेटला पत्ता दे, म्हणजे जिथं रक्तवाहिनीची भिंत खराब झालीय आणि प्राणवायू कमी पडतोय तिथंच तिनं पोट उघडावं. मग त्या पेशी कमरेच्या हाडात परत सोडायच्या. पुढं दोन वर्षं माणसाचं शरीर स्वतःच औषध बनवत राहतं आणि स्वतःच पोचवत राहतं.

श्रेणिकला तिसऱ्या महिन्यात फरक पडला. एका पहाटे जाग आली आणि त्याला कळलं. तो बराच वेळ हलला नाही, श्वाससुद्धा बेतानं घेत पडून राहिला. दोन दिवसांनी त्यानं हॉलमधली उशी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. "कंबर बरी आहे आता," एवढंच म्हणाला. त्रिशला कपाटात तोंड घालून साडी शोधत होती. तिला साडी लवकर सापडेना.

पुण्याच्या डॉक्टरांनी घरी पाठवताना बजावलं होतं, दोन वर्षं रक्त किंवा प्लेटलेट कुणाला द्यायच्या नाहीत. त्यानं मान हलवली होती. शिबिरं भरवत राहिला, स्वतःची पाळी आली की सर्दी झालीय म्हणून सांगत राहिला. आणि मग अक्काला ब्लड कॅन्सर निघाला.

अक्का म्हणजे अंजना, त्याची मोठी बहीण. आई गेली तेव्हा तो पहिलीत होता. त्याचा भांग तिनं पाडला, त्याला सायकल तिनं शिकवली, त्याच्या लग्नात त्रिशलाच्या हातात किल्ल्या तिनं दिल्या. केमोनं तिची मज्जा रिकामी केली होती. ती पुन्हा भरून येईपर्यंत बाहेरच्या प्लेटलेटवर दिवस काढायचे होते. पण तिच्या रक्तात काही प्रतिद्रव्यं तयार झाली होती आणि ती बाहेरून आलेल्या प्लेटलेट तासाभरात मारून टाकत. डॉ. रेहाना मुजावर तिच्यावर उपचार करत होत्या. त्यांनी सगळ्या नातेवाइकांचे नमुने मागवले. श्रेणिकनं नमुना दिला, आपला जुळणार नाही अशी मनोमन आशा धरून. आणि नेमका त्याचाच जुळला. अगदी पूर्ण नव्हे, पण अक्काचं रक्त त्याच्या प्लेटलेट मारणार नव्हतं, एवढा.

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार होतं. त्यानं मनाची समजूत घातली की दोन वर्षांची अट कंपन्या आपल्या बचावासाठी घालतात, खोकल्याच्या औषधावरही असल्या सूचना असतात. तो खुर्चीत जाऊन बसला.

पिशवी भरली. मुलीनं ती उचलून उजेडात धरली. "छान आल्यात. तपासण्या होतील, किरणांखालून काढतील, मग चारच्या सुमारास वर चढवतील."

दाजींनी श्रेणिकचा हात दोन्ही हातांत धरला. जरा वेळानं हात सोडून जिन्याकडे गेले.

दुपारी तो काचेपलीकडून अक्काला बघून आला. डोक्याला निळा रुमाल, ओठांच्या कडेला सुकलेलं रक्त. तिनं भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर उचलला.

"दिलंस काय?"

"दिलं."

"चक्कर नाही ना आली? काहीतरी खा जा. त्रिशलाला पण घेऊन जा, सकाळपासून उपाशी आहे ती पोरगी."

"अक्का..."

"काय रे?"

"काही नाही. झोप तू."

कॅन्टीनमध्ये त्रिशला इडली खात होती. तो तिला फोन करून येतो म्हणाला आणि पार्किंगमध्ये, चार्जिंगला लावलेल्या रुग्णवाहिकांच्या मागं जाऊन उभा राहिला. पुण्याला फोन लागायला वेळ लागला. डॉ. केळुसकर शेवटी लायनीवर आले.

"सहज विचारतो, डॉक्टर. माझ्या प्लेटलेट चुकून दुसऱ्या कुणाला गेल्या तर काय होईल?"

"कुणाला म्हणजे? निरोगी माणसाला बहुतेक काही नाही होणार."

"केमो चालू असलेल्या माणसाला?"

मग डॉक्टर सावकाश बोलायला लागले. "असं बघा, तुमच्या अंगात जखमी जागा एकच आहे. म्हणून पत्ता बरोबर लागतो. केमोनं रक्तवाहिन्यांच्या भिंती सगळीकडेच खराब होतात. प्लेटलेटला प्रत्येक दारावर तोच पत्ता दिसेल. ती सगळीकडे उघडेल, एकाच वेळी. आणि हे द्रव्य नवी वाहिनी फोडण्याआधी काय करतं ठाऊक आहे? जुन्या वाहिनीच्या भिंती सैल करतं. तुमच्यात ते थेंबाथेंबानं होतं, कळतही नाही. तिथं एकदम झालं तर रक्तातलं पाणी बाहेर झिरपेल. आधी फुफ्फुसात. मगदूम, तुम्ही कुणाला..."

श्रेणिकनं फोन खिशात टाकला. साडेतीन वाजून गेले होते.

आधी रक्तपेढी. काउंटरवर आता दुसरंच कुणी होतं. "ती पिशवी? ती तर गेली वर. आज लवकर आटोपलं." त्यानं त्रिशलाला फोन लावला, लागला नाही. वर विलगीकरणाच्या वॉर्डात फोन बाहेर ठेवावे लागत. म्हणजे ती वर पोचली होती. लिफ्टमध्ये स्ट्रेचर अडकलं होतं, दोघं वॉर्डबॉय ते आडवं-उभं करत होते. तो जिन्याला लागला. तिसऱ्या मजल्याला कमरेतली प्लेट ठणकायला लागली. चौथ्याला त्यानं कठडा धरून पाय ओढले. पाचव्या मजल्यावरच्या काचेतून त्याला दिसलं. पलंगाशेजारच्या स्टँडला ती पिवळी पिशवी टांगली होती आणि तिच्याखालच्या छोट्या नळकांड्यात थेंब पडत होते.

मास्क नाही, गाऊन नाही, बाहेरच्या चपला तशाच. तो दार ढकलून आत गेला आणि नळीवरचं चाक त्यानं पार खाली दाबलं. थेंब थांबले.

"अहो, काय करताय?" सिस्टर पुढे आली.

"काढा ते. काढून टाका."

"श्रेणिक?" दाजी कोपऱ्यात निळा गाऊन घालून बसले होते, ते उठले. त्यांच्या मागे त्रिशला. सिस्टरनं बेल दाबली होती. डॉ. मुजावर बहुतेक शेजारच्याच खोलीत असाव्यात. त्या आल्या, त्यांनी आधी पिशवीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"माझ्या प्लेटलेट साध्या नाहीत," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "मी पुण्यात उपचार घेतलेत. मज्जेतल्या पेशींचे. रक्तवाहिन्या वाढाव्यात म्हणून."

"कधी?"

"दीड वर्ष झालं."

"आणि सकाळी विचारलं तेव्हा?" दाजींनी विचारलं.

"कशासाठी घेतले?" डॉक्टर दाजींना हातानंच थांबवत म्हणाल्या. "मला नक्की कुठला उपचार ते कळायला हवं. लवकर सांगा."

श्रेणिकनं त्रिशलाकडे बघितलं. मास्कच्या वर तिचे नुसते डोळे दिसत होते.

"अपघातात माझं पुरुषपण गेलं होतं," तो म्हणाला. "ते परत यावं म्हणून."

मग पलंगावर अक्का खोकली. आधी साधं, घसा साफ केल्यासारखं, मग पुन्हा, आणि मग तिला दोन खोकल्यांमध्ये श्वास घेता येईना.

पुढचा तास त्यानं काचेबाहेरून बघितला. पिशवीतला दहावा हिस्सासुद्धा आत गेला नव्हता, तरी यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा उतरत चालला. डॉ. मुजावरांनी एका हातानं फोन कानाशी धरून पुण्याच्या केळुसकरांना प्रश्न विचारले आणि दुसऱ्या हातानं औषधं सांगितली. स्टेरॉइड दिलं, त्या द्रव्याला रक्तातच धरून ठेवणारं एक कॅन्सरचं औषध खालून मागवलं, नाकातोंडावर घट्ट मास्क बसवून दाबानं हवा सोडली. उन्हं उतरायच्या वेळेला आकडा थांबला. मग एकेक करत वर आला.

दाजी बाहेर आले. ते साखर कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते, आवाज चढवून बोलायची त्यांना सवय नव्हती. आताही चढवला नाही.

"मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं असतंस तरी चाललं असतं," ते म्हणाले. "मी कुणाला सांगितलं असतं काय? सांग की."

"नाही."

"मग?"

दाजींनी गाऊनची गाठ सोडली, तो बादलीत टाकला आणि ते त्याच्याकडे पाठ करून बाकावर बसले.

घरी जाताना गाडी त्रिशला चालवत होती. विश्रामबागचा चौक ओलांडला. मग तिनं गाडी एका बंद दुकानासमोर लावली आणि हात स्टिअरिंगवरच ठेवून बोलायला लागली.

"अपघातानंतर वर्षभर तुम्ही हॉलमध्ये झोपलात. मला वाटलं, माझ्यात काहीतरी झालं. मी वजन उतरवलं. केस रंगवले. तुम्हाला आठवतंय का ते? तुम्ही बघितलंसुद्धा नव्हतं."

"त्रिशला..."

"बोलू दे मला. मला वाटलं, कॉलेजात कुणी आहे. एक दिवस मी तुमच्या मैदानावर येऊन झाडाखाली बसून गेले, कोण आहे बघायला. पोरांशिवाय कुणी नव्हतं. आणि मग एक दिवस तुम्ही उशी घेऊन आत आलात." तिनं समोरच्या बंद शटरकडे बघितलं. "मला वाटलं, मी पुन्हा आवडायला लागले. सव्वा वर्ष मी त्या आनंदात आहे. आता कळतंय, ते पुण्याहून आलं होतं."

"आवडत तर तू कायमच होतीस. तेच तर..."

"ते मला कसं कळणार होतं, अहो? हाडाचा एक्स-रे मला दाखवलात, डॉक्टर काय म्हणाले ते शब्दन् शब्द सांगितलंत. आणि हे एवढं नाही?"

समोरून एक इलेक्ट्रिक बस आवाज न करता निघून गेली. तिच्यातली माणसं त्यांच्याकडे बघत होती की नाही कुणास ठाऊक, पण श्रेणिकनं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. मुजावरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. रागावण्याच्या तयारीनं तो गेला होता, म्हणजे त्यांनी रागवावं या तयारीनं. त्या रागावल्या नाहीत.

"काल जे खोटं सांगितलंत त्याबद्दल मी नंतर बोलीन," त्या म्हणाल्या. "आता ऐका. अंजनाताईंच्या प्लेटलेट फार खाली आहेत. पुण्याहून मी थोडीफार जुळणारी एक पिशवी मागवलीय. ड्रोन दुपारी गच्चीवर उतरेल. तिच्यावर एखाद-दुसरा दिवस निघेल, कदाचित तेवढाही नाही. डोक्यात रक्तस्राव झाला तर मला काही करता येणार नाही. राज्यभर शोध चालू आहे. तुमच्याइतकं जुळणारं अजून कुणी सापडलेलं नाही."

"पण माझ्या तर..."

"केळुसकरांशी मी बोलले. त्या आईपेशींमध्ये त्यांनी एक खटका ठेवलाय. काही बिघडलं तर बंद करता यावं म्हणून. एक गोळी आहे, तेवढ्याच पेशींना दिसते आणि त्यांना मारते. बाकी मज्जेला धक्का लागत नाही. आईपेशी मेल्या की नव्या भरलेल्या प्लेटलेट बनणार नाहीत. जुन्या आठवडा-दहा दिवसांत आपोआप संपतील. मग तुमच्या प्लेटलेट कुणाच्याही असतात तशा होतील."

"मग मी देऊ शकेन."

"हो. पण दुसरी बाजूही ऐका. हा उपचार पुन्हा घेता येत नाही. मेलेल्या पेशींची ओळख शरीराला पटते, पुढच्या वेळी ते त्या टिकू देत नाही. आणि तुमच्या नव्या रक्तवाहिन्यांना अजून सहा महिने खतपाणी लागणार होतं. काही टिकतील, काही सुकतील. किती, ते केळुसकरांनाही सांगता आलं नाही." त्यांनी समोरचा पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला. "शरीर तुमचं आहे, मगदूम. मी ही गोळी घ्या असं म्हणणार नाही. मला तसं म्हणता येत नाही. नाही म्हणालात तर ते या खोलीबाहेर जाणार नाही."

श्रेणिक बाहेर आला. वऱ्हांड्याच्या टोकाला त्रिशला दाजींसाठी डबा घेऊन उभी होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. या वेळी काहीच गाळलं नाही, सुकण्याचं सुद्धा.

"तुझं मत काय?" त्यानं विचारलं.

"अक्कांचा जीव आहे. त्यात माझं मत कशाला?"

"तुझंही आहे त्यात काहीतरी."

त्रिशलानं डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "आधीच कुणी मला असं विचारलं असतं तर फार बरं वाटलं असतं," ती म्हणाली. "घ्या गोळी."

गोळी पुण्याहून त्या प्लेटलेटच्याच ड्रोननं आली. पांढरी, वाटाण्याएवढी. त्यानं ती डॉक्टरांच्या समोर गिळली. कुठं काही दुखलं नाही, कळ आली नाही. रात्री थोडा ताप आला आणि सकाळी उतरला.

मग वाट बघणं सुरू झालं. रोज त्याचं रक्त काढून भरलेल्या प्लेटलेट किती उरल्या ते बघत. त्या कमी होत होत्या, पण आपल्या वेळेनं, त्यांना कसली घाई नव्हती. अक्काला घाई होती. पुण्याच्या पिशवीनं दिलेला दिलासा दुसऱ्याच दिवशी संपला. हिरड्यांतून रक्त यायला लागलं. हातावर नुसतं बोट टेकलं तरी निळा डाग उठायचा. सिस्टरनं तिला खोकायची, वाकायची, जोरात बोलायचीसुद्धा बंदी केली. कोल्हापूरहून एक दाता आला, त्याच्या प्लेटलेट अर्धा दिवस टिकल्या. नाशिकहून एक बाई स्वतः गाडी चालवत आल्या, देऊन, चहा घेऊन परत गेल्या, नावसुद्धा धड कळलं नाही. त्यांच्यावर एक दिवस निघाला. श्रेणिक कॉलेजला गेला नाही. काचेसमोरच्या बाकावर तो एका टोकाला बसायचा, दाजी दुसऱ्या टोकाला. मध्ये त्रिशला येऊन बसायची आणि दोन्हीकडे एकेक केळं द्यायची.

एका दुपारी अक्काचं डोकं दुखायला लागलं. डॉ. मुजावर धावत आल्या, तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, हात उचलायला लावले, तारीख विचारली. स्कॅनला नेताना पलंग वऱ्हांड्यातून गेला तेव्हा दाजी नकळत श्रेणिकच्या दंडाला धरून उभे होते. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. पलंग परत आला. दाजींनी आपल्या हाताकडे बघितलं आणि तो सावकाश काढून घेतला.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी डॉक्टर स्वतःच टॅब घेऊन बाकापाशी आल्या. "एकही उरली नाही," त्या म्हणाल्या. "चला."

तीच खुर्ची, तीच मुलगी. तिनं सगळे प्रश्न पुन्हा विचारले. श्रेणिकनं एकेकाचं उत्तर नीट दिलं, गोळीच्या तारखेसकट. तिनं ते लिहून घेतलं आणि मान वर केली नाही.

या वेळी पिशवी चढवताना डॉक्टर पलंगाशेजारी उभ्या राहिल्या, हात नळीच्या चाकावर ठेवून. थेंब पडत राहिले. अक्का छताकडे बघत होती. अर्धा तास गेला. ती खोकली नाही. संध्याकाळी तिच्या प्लेटलेट वर आल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही त्या तिथंच होत्या.

आणखी दोनदा श्रेणिकनं दिल्या. मग अक्काच्या स्वतःच्या मज्जेनं हळूहळू काम सुरू केलं. तिला घरी सोडायच्या आदल्या दिवशी त्याला आत जायची परवानगी मिळाली. तो स्टुलावर बसला.

"ऐकलं मी त्या दिवशी सगळं," अक्काच म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता, मधूनच थांबून श्वास घ्यावा लागत होता. फुफ्फुसाच्या खालच्या भागात कायमचा थोडा जाडपणा राहणार असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जिना चढताना तिला आता नेहमीच दम लागणार होता. "तू सहावीत असताना सुद्धा असंच. पाय मुरगळला होता आणि तीन दिवस लपवून शाळेत गेलास."

"अक्का, माझ्यामुळं तुझी..."

"तुझ्यामुळं दम लागतो आणि तुझ्यामुळंच लागायला जिवंत आहे. मी काय हिशोब करत बसू?" ती थांबली. "यांना मात्र वेळ लागेल. त्यांच्या मागं लागू नकोस. येतील तेव्हा येतील."

डॉ. मुजावर राहिलेलं बोलायला विसरल्या नव्हत्या. त्यांनी त्याला पुन्हा केबिनमध्ये बसवलं. महाराष्ट्रात हा उपचार घेतलेले हजारो पुरुष आहेत, त्या म्हणाल्या. त्यांच्या प्लेटलेट ओळखायची चाचणी रक्तपेढ्यांत यायला अजून वर्षभर लागेल. तोवर सगळी भिस्त माणसानं खरं सांगण्यावर. "आणि असा प्रश्न बायको आणि मेव्हण्यासमोर विचारला तर कोण खरं सांगणार?" त्या म्हणाल्या. "चूक तुमची आहेच. पण विचारण्याची पद्धत आमची होती." त्या महिन्यापासून त्यांच्या रक्तपेढीत दात्याला पडद्याआड एकट्याला बसवून विचारायला सुरुवात झाली. कॉलेजच्या पुढच्या शिबिरात श्रेणिकनं आपल्या पोरांना आणि त्यांच्या बापांना स्वतःची गोष्ट सांगितली. मैदानावर, शिट्टी गळ्यात असताना, चार वाक्यांत. बोलताना कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. कुणी हसलं नाही. शिबिर उरकल्यावर एक केस पिकलेला गृहस्थ त्याच्याकडे आला आणि पुण्याच्या डॉक्टरांचा नंबर मागून घेऊन गेला.

रक्तवाहिन्या केळुसकरांनी सांगितल्याप्रमाणेच वागल्या. काही टिकल्या, काही सुकल्या. कधी जमायचं, कधी नाही. आधीपासून काही सांगता यायचं नाही. पहिल्यांदा जमलं नाही त्या दिवशी श्रेणिक उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला आणि उगाच बराच वेळ तिथं उभा राहिला. परत आला तेव्हा त्रिशला झोपली होती, किंवा झोपल्यासारखी पडली होती. त्याची नजर हॉलमधल्या दिवाणाकडे गेली. तो आत जाऊन तिच्या शेजारी आडवा झाला.

त्यानंतरचा एक रविवार. दाजी पहिल्यांदाच घरी जेवायला येऊन गेले होते. फारसे बोलले नाहीत, पण आमरस दुसऱ्यांदा मागून घेतला. अक्काला हाताला धरून जिन्यानं खाली नेताना प्रत्येक वळणावर थांबत गेले. दुपारचं कडक ऊन होतं. त्रिशलानं खिडकीचे पडदे ओढले आणि ती येऊन पलंगावर पडली. तिचा हात त्याच्या छातीवर आला.

श्रेणिक पंख्याकडे बघत होता. कंबर दुखतेय, मॅच आहे, डोळे मिटतायत, सगळी जुनी वाक्यं तोंडाशी येऊन गेली.

"आज नाही जमणार बहुतेक," तो म्हणाला.

हे वाक्य त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं होतं.

"बरं," त्रिशला म्हणाली. तिनं हात काढला नाही. "मग जरा तिकडं सरका. अर्धा पलंग तुम्हीच अडवलाय."

तो सरकला. तिनं त्याच्या खांद्याखाली डोकं घातलं, पाय त्याच्या पायांवर टाकले, आणि दाजींना आमरस खरंच आवडला की उगाच मागितला, याबद्दल बोलायला लागली.